दोन सीटची गाडी

आईने ती गाडी का घेतली, याचं कारण ती विचारणाऱ्याचं तोंड बघून सांगायची. शाळेतल्या शिक्षकांना म्हणायची, रेल्वेच्या वेळा जमत नाहीत. शेजारच्या काकूंना म्हणायची, मनात आलं, घेतली. उत्तममामाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, देवगाव फाट्यावरच्या आपल्या घरी सगळ्या नातेवाइकांसमोर तोच प्रश्न विचारला तेव्हा मात्र तिने खरं ते सांगून टाकलं. "दादा, तिला दोनच सीटा आहेत. म्हणून घेतली." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मामा हसला नाही. सगळ्यांत आधी त्यालाच ते कळलं होतं.

आमच्या नात्यागोत्यात गाडी एकट्याची नसते. एकाने जीप घेतली की ती सगळ्यांची. माहेरी गेलेली सून आणायला तीच जीप, दवाखान्याला तीच, नागपूरला तीच, मुलगी बघायलाही तीच. त्यात वाईट काही नाही. अशाच एका जीपमुळे आमच्या गल्लीतली एक बाळंतीण वेळेवर दवाखान्यात पोहोचली, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण जीप घेणाऱ्याची गंमत अशी होते की तो मागच्या फळीवर कुणाचं तरी लेकरू मांडीवर घेऊन बसतो आणि पुढे दुसराच कुणीतरी गाडी चालवत असतो. आईने जीप घेतली असती तर पुढे मामा बसला असता. मामा फाट्यावरून सेलूपर्यंत भाड्याची जीप चालवायचा आणि स्वतःच्या जीपचं स्वप्न बघायचा. बहिणीला पगार आहे, घरात पुरुषमाणूस नाही, तेव्हा जीप तिने घ्यावी आणि चालवावी आपण, असं त्याने मनात पक्कं केलं होतं. तसं तो बोलूनही दाखवायचा. आईने दोन सीटची गाडी आणली आणि त्या मनसुब्यावर पाणी पडलं.

घरात आम्ही दोघीच. मी सहा वर्षांची असताना वडील गेले. परभणीत स्टेशनच्या मागच्या बाजूला आमच्या दोन खोल्या होत्या. सकाळी साडेपाचला भाकरी थापल्याचा आवाज यायचा, मग स्टोव्हची फरफर, मग यार्डातल्या इंजिनाची शिट्टी, आणि त्या शिट्टीसरशी आईचं दार ओढून घेणं. पॅसेंजरने चुडाव्याला उतरायचं आणि तिथून शेतातल्या वाटेने शाळेपर्यंत चालायचं, असं तिने चौदा वर्षं केलं. पावसाळ्यात ती चपला हातात घेऊन चालायची, कारण आमची काळी माती चपलेला सोडत नाही. शाळेत तिला सगळे वाघमारेबाई म्हणत. घरीही ती अर्धी बाईच असायची. मी जेवताना "न्हाई" म्हटलं की घास तोंडात असतानाच दुरुस्त करायची, "नाही म्हण, रमा."

तिच्या कपाटाच्या दाराला आतून मासिकातलं एक चित्र चिकटवलेलं होतं. डोंगराचं वळण, आणि त्या वळणावर एक बसकी, उघडी गाडी. गाडीत कोण आहे ते दिसत नव्हतं. मी लहान असल्यापासून ते तिथे होतं आणि त्याबद्दल मी कधी विचारलं नव्हतं. साड्यांच्या घड्यांवर ते चित्र हे मला कपाटाच्या कडीइतकंच नेहमीचं होतं. एक्केचाळिसाव्या वर्षी आई मोटार शिकायला जाऊ लागली तेव्हा मला त्या चित्राचा अर्थ लागला. दोन सीटांचं कारण खोटं नव्हतं. फक्त ते दुसरं कारण होतं. पहिलं कपाटात होतं.

गाडी पिवळी होती, फायबरच्या बॉडीची, कापडी टपाची. कुठल्याशा छोट्या कंपनीने थोड्याच काढल्या होत्या. पहिला मालक संभाजीनगरचा, त्याची हौस वर्षभरात फिटली होती. ती गल्लीत आली त्या दिवशी लोकांनी तिचं नाव बेडकी ठेवलं आणि ते शेवटपर्यंत तेच राहिलं. ती इतकी बसकी होती की आत बसलं की बैलाचं पोट डोळ्यांसमोर यायचं आणि ट्रकचं चाक डोक्याच्या वर. मे महिन्यात टप काढला की सीट तव्यासारखी तापायची, म्हणून आम्ही ओला टॉवेल अंथरून बसायचो. लोक विचारत, "बाई, एवढ्या पैशात अर्धीच गाडी आली का?" आई म्हणायची, "उरलेली अर्धी तुमच्यासाठी ठेवलीय, जाऊन आणा."

बेडकीचं पोट स्पीडब्रेकरला घासायचं. परभणी ते शाळा या वाटेवर किती ब्रेकर आहेत, त्यांतले कुठले सरळ ओलांडायचे आणि कुठले तिरके, याची यादी आईने वहीत केली होती. तिरकं म्हणजे एकेक चाक करून, गाडी आडवी घालून. ही यादी मी वाचायची आणि तिने चालवायची. आज मी बियाण्यांचं गोदाम सांभाळते. तिथे सहा भिंतींवर सहा याद्या आहेत, आणि माझे हाताखालचे लोक माझ्या पाठीमागे त्यावरून हसतात हे मला माहीत आहे. हसू देत. एकही पोतं आजवर चुकीच्या गाडीत चढलेलं नाही.

मला अठरा पूर्ण झाल्याबरोबर आईने मला लायसन काढायला लावलं. तोपर्यंत सुट्टीच्या दिवशी कॉलेजमागच्या मोकळ्या रस्त्यावर ती मला शिकवायची. आमच्याकडे रस्ता सरळ असतो. स्टिअरिंग ही नुसती धरून बसायची वस्तू आहे, असं माझं त्या काळचं मत होतं.

मग मामाच्या मिलिंदचं लग्न ठरलं. मुलगी मुरबाडची, म्हणजे माळशेज घाट उतरून खाली. लग्नाची बैठक फाट्यावर मामाच्या अंगणात होती. मी वर सांगितलेला प्रश्न त्याच बैठकीतला. आईच्या उत्तरावरचं हसणं संपल्यावर मामाने चहाची कपबशी खाली ठेवली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं की सपाटीवर गाडी कुणीही चालवतं, घाटात बाईमाणसाचं काम नाही, आणि तुझी ती बेडकी तर पहिल्याच वळणावर दरीत उडी मारील. आई म्हणाली की ती लग्नाला बेडकीतच येणार. मग मामाने अट घातली. मला वाटतं, त्याने ती आधीच ठरवून ठेवली होती.

"शांते, तू सोता घाट उतरून गाडी मांडवापुढं आणलीस, तर मी जीपचं नाव पुन्यांदा काढणार न्हाई. न्हाई जमलं तर ती बेडकी विकायची, जीप घ्यायची, अन् जीप मी चालवणार. समद्यांच्या कामाला येईल."

सगळ्यांच्या कामाला येईल, या वाक्यावर अंगणातल्या माना हलल्या. आईने पिशवीतून वही काढली, अट शब्दाला शब्द लिहिली, खाली सही केली आणि वही मामाकडे सरकवली. मामाला सही करावी लागली. मामी मला स्वयंपाकघरात म्हणाली, "तुझी माय लय अवघड हाय गं." पण म्हणताना ती माझ्या ताटात आणखी एक धपाटं वाढत होती, त्यामुळे ती कुणाच्या बाजूची ते मला कळलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी पहाटे आम्ही परभणीहून निघालो. फाट्यावर चहाच्या टपरीपाशी सगळे जमणार होते. मामाच्या भाड्याच्या जीपमध्ये नवरदेवासकट अकरा माणसं, आणि बेडकीत आम्ही दोघी. टपरीवर हमीदचाचा बसले होते. ते कापसाच्या गाठींचा ट्रक घेऊन तीस वर्षं घाट उतरत होते. आईने त्यांना सरळ विचारलं की घाटात काय काय करायचं. चाचांनी तिच्याकडे पाहिलं, बेडकीकडे पाहिलं.

"घाट देखे क्या कभी, बाई?"

"चित्रात."

चाचा हसले नाहीत. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि सावकाश सांगायला लागले. उतरताना गाडी ब्रेकवर सोडायची नाही, गिअरवर सोडायची. दुसऱ्यात घातली की ती आपणहून अडत अडत उतरते. ब्रेक दाबायचा आणि सोडायचा, पाय ठेवून बसायचं नाही. इंजिन कधीच बंद करायचं नाही. चाकातून धूर आला तर थांबायचं, पाणी टाकायचं नाही, लोखंडाला तडा जातो. आई लिहीत होती. पायात चपला नको, बूट, हा पहिला नंबर होता. दहा नंबर झाले. मामा शेजारच्या बाकावर पाय पसरून ऐकत होता. तो म्हणाला की त्याला हे शिकवायची गरज नाही, तो वीस वर्षं जीप चालवतो. फाट्याकडून सेलूला जाताना एक लांबट उतार आहे. तिथे इंजिन बंद करून, गाडी नुसती सोडून तो डिझेल वाचवायचा. आमच्याकडचे सगळेच ड्रायव्हर तसं करायचे आणि ती हुशारी समजली जायची. चाचांनी त्याच्याकडे बघून फक्त मान हलवली.

संध्याकाळी आम्ही घाटाच्या अलीकडे एका ओळखीच्या घरी थांबलो आणि सकाळी पुन्हा निघालो. वाटेत जीपमधली एक मुलगी ओकायला लागली म्हणून जीप मागे राहिली. आम्ही पुढे गेलो. रस्ता तळ्याच्या कडेने सपाट जात होता, वारा गार होता, आई गुणगुणत होती. मग एक वळण आलं आणि जमीन संपली.

ज्याने परभणीची जमीन पाहिली आहे त्यालाच हे समजेल. आमच्याकडे जमीन संपत नाही. ती लांब जाऊन आभाळाला टेकते, बस. आम्ही दोघींनी जन्मात विहिरीपेक्षा खोल काही पाहिलेलं नव्हतं. बेडकी बसकी असल्यामुळे दगडी कठडा आमच्या डोळ्यांच्या उंचीला होता, आणि तो जिथे ढासळला होता तिथे त्याच्या पलीकडे काहीच नव्हतं. खूप खाली गावं होती, आगपेट्यांएवढी. आईने गाडी डाव्या अंगाला, डोंगराच्या बाजूला घेतली, पण क्लच दाबायचा राहिला आणि इंजिन आचके देऊन बंद पडलं. तिने स्टिअरिंग सोडलं नाही.

"रमे, मला न्हाई जमायचं."

न्हाई म्हणाली. मी तिला ते दुरुस्त करून देऊ शकले नाही.

मी काय काय बोलले ते सगळं मला आठवत नाही. पाणी पी म्हणाले, डोळे मिटून बस म्हणाले. तिने पाणी घेतलं, पुन्हा रस्त्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मागे दहा मिनिटांच्या अंतरावर मामा होता. तो आला, तिला असं बसलेलं पाहिलं, की तो एक शब्दही न बोलता तिला उतरायला सांगणार, स्वतः आत बसणार, आणि घाट उतरवून झाला की गाडी गेली. मला हे तेव्हा इतकं स्वच्छ दिसत होतं की भीतीला जागाच उरली नाही. मी दार उघडून खाली उतरले. आई गाडीला धरून, पाठमोरी, मागच्या बाजूने फिरून डावीकडे आली. बसल्यावर तिने वही उघडली आणि अगदी चेहऱ्याजवळ धरली, म्हणजे तिला दरी दिसू नये. मग घसा खाकरून ती शाळेत हजेरी घेते त्या आवाजात सुरू झाली.

"बूट?"

"आहेत."

"हजर म्हण."

"हजर."

"इंजिन चालू?"

"हजर."

"गिअर दुसरा?"

"हजर."

"पाय ब्रेकवरून वर?"

"हजर."

अशी दहापर्यंत जायची आणि पुन्हा एकपासून. आम्ही घाट हजेरीवर उतरलो. दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर मला काहीतरी समजलं. परभणीत आम्ही जिला वर्षभर ब्रेकरवर आडवी घालत होतो, जिचं पोट घासत होतं, ती गाडी इथली होती. स्टिअरिंग इथे धरून बसायची वस्तू नव्हती. हात जरा वळला की अख्खी गाडी वळत होती. ती कललीच नाही, शेजारून जाणाऱ्या बसगाड्या कलत होत्या. इंजिनाचा आवाज कड्यावर आपटून परत येत होता, छोट्या बोगद्यात तर तो एवढा झाला की आईची हजेरी ऐकू येईना, आणि बोगद्यातून बाहेर पडताना मी हसत होते. आई वहीआडून ओरडली, "हसायचं नंतर. पाच नंबर?"

तेवढ्यात मागून हॉर्न आला. आरशात जीप दिसली आणि मला वाटलं की काहीतरी चुकतंय, पण काय ते क्षणभर कळेना. मग कळलं. इंजिनाचा आवाज नव्हता. नुसता टायरांचा सरसर आवाज. जीप आमच्या उजवीकडून पुढे निघाली. मामाने जाता जाता वाकून पाहिलं की स्टिअरिंगवर मी आहे, आणि एक बोट वर केलं. त्याला हवं ते दिसलं होतं.

दोन वळणं खाली गेल्यावर जळक्या रबरासारखा वास आला. जीप डोंगराच्या बाजूला खडीच्या ढिगात घुसवून थांबवलेली होती आणि पुढच्या दोन्ही चाकांतून धूर निघत होता. माणसं रस्त्यावर उतरली होती. मिलिंद पांढऱ्या कपड्यांत मामीचा हात धरून उभा होता, की मामीने त्याचा धरला होता कोण जाणे. कुणाला खरचटलंही नव्हतं. मामा पाण्याचा कॅन उचलून चाकाकडे निघाला होता. मी गाडी थांबवली. आईने वही खाली केली आणि त्या दिवशी पहिल्यांदा समोर पाहिलं.

"दादा, पाणी नको. नववा नंबर आहे. निवू दे."

मामाने कॅन खाली ठेवला. जीप निवेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो, आणि मग उरलेला घाट जीप दुसऱ्या गिअरमध्ये आमच्या मागोमाग उतरली.

लग्न चांगलं झालं. बुद्धवंदना झाली, फुलांचे हार झाले, येसराची आमटी आणि भात झाला. खालची हवा दमट होती, आमच्या लोकांना ती मानवत नव्हती. जेवणं उरकल्यावर मांडवात दोन्हीकडची माणसं पान खात बसली होती तेव्हा मामा म्हणाला, "शांते, वही काढ. वाच."

आईने काढली आणि मोठ्याने वाचली. तू सोता घाट उतरून. तिथे ती थांबली. मामाच्या जीपचं काय झालं हे तिने तिथे सांगितलं असतं तर बैठक उलटली असती. मी वाट बघत होते की ती सांगेल. तिने सांगितलं नाही, आणि नंतरही कधी कुणाला सांगितलं नाही. मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, तेही मामीला विचारून.

"मी भ्याले," आई म्हणाली. "वरच्या वळणावर माझे हातपाय गेले. रमाने गाडी उतरवली. मी हरले, हे खरं आहे."

मुरबाडच्या बायकांत कुजबुज झाली. मामाने हात पुढे केला. त्याचं म्हणणं, आता किल्ली दे, गाडी परत मी नेतो, परभणीत गिऱ्हाईक बघतो. किल्ली माझ्याकडे होती. ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधलेली. भाचीने मामाला नाही म्हणायचं, हे आमच्याकडे कुणी ऐकलेलं नव्हतं. मामा म्हणजे कान टोचताना मांडीवर घेणारा, पहिला फ्रॉक आणणारा. माझाही त्यानेच आणला होता.

मी म्हणाले, "मामा, मी किल्ली देणार न्हाई."

मीही न्हाईच म्हणाले.

"कामून?"

"तुमी मागितली म्हणून. जिची गाडी हाय तिनं मागितली तर देईन."

मग आई उठली आणि माझ्यासमोर येऊन हात पुढे केला. मी गाठ सोडून किल्ली तिला दिली. ती मामाकडे वळली. "दादा, विकायची ठरलीय तर विकू. पण ती परभणीला न्यावी लागेल. ती मी नेणार. चढताना मी चालवीन, तू मागून बघत ये. वर पोचले तर तुझी अट तुझ्यापाशी आणि गाडी माझ्यापाशी. न पोचले तर जिथं थांबेन तिथं किल्ली घे."

"अन् भ्यालीस तर?"

"भ्याले तरी चालवीन. काल भ्याले अन् थांबले, ते चुकलं."

काल नाही, तो त्याच दिवशी सकाळचा घाट होता. पण तिच्या तोंडून काल निघालं आणि बहुतेक तिच्यासाठी तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी आई चालवायला बसली. बूट घातले होते. वही माझ्या मांडीवर. चढ सुरू झाला तेव्हा तिच्या मानेवर घाम होता आणि ब्लाउजची पाठ भिजली होती. मी नंबर वाचत होते, ती हजर म्हणत होती. आधी आवाज फुटत नव्हता, मग फुटला, मग बोगद्यानंतर ती माझ्या आधीच पुढचा नंबर म्हणायला लागली. एकदा समोरून बस आली आणि आम्हाला दरीच्या कडेला सरकावं लागलं. ती थांबली नाही. पहिल्या गिअरमध्ये, कठड्याला हात लागेल एवढ्या अंतरावरून तिने गाडी नेली. तोंडाने ती हजर, हजर म्हणत होती, मी काही विचारलेलं नसताना. आरशात मामाची जीप होती, एकसारख्या अंतरावर. त्याचा एकदाही हॉर्न वाजला नाही.

वर त्याच वळणावर, जिथे इंजिन बंद पडलं होतं तिथेच तिने गाडी उभी केली. उतरली. सरळ चालत कठड्यापाशी गेली, दोन्ही हात दगडावर टेकले आणि खाली बघत उभी राहिली. किती वेळ ते मी मोजलं नाही, पण मामा जीप लावून, उतरून, तिच्यामागे येऊन उभा राहिला तरी ती बघतच होती. मग वळली आणि म्हणाली, "इथं भ्यायसारखं काय होतं? नुसती हवा आहे."

मामाने माझ्याकडून वही घेतली. खिशातला पेन काढला. अटीच्या खाली त्याच्या मोठ्या, तुटक अक्षरांत लिहिलं, घाट चडली. मी पाहिले. आणि सही केली. मग बेडकीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "फाट्यापर्यंत मला बसू दे की." जीपचं स्टिअरिंग दुसऱ्याच कुणीतरी घेतलं. मी जीपमध्ये, मागच्या फळीवर, कुणाचं तरी लेकरू मांडीवर घेऊन बसले आणि मामा आईच्या शेजारी. त्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकत होते. फाट्यावर उतरल्यावर तो मला म्हणाला की एवढा लांब तो जन्मात पहिल्यांदाच डावीकडे बसून आला. पुढे तीन वर्षांनी त्याने स्वतःची जीप घेतली. तीही सगळ्यांच्या कामाला आली.

चाचांचे दहा नंबर होते. अकरावा आईने त्या दिवशी वर, कठड्यावर वही ठेवून लिहिला. गाडी कोणालाही देऊ नये.

ती वही माझ्याकडे आहे आणि बेडकीही. फायबरला सतरा ठिकाणी ठिगळं आहेत, त्यांचीही यादी आहे. दरवर्षी पावसाळा सरला की मी ती घाटात नेते. आईच्या गुडघ्यांमुळे तिला आता त्या बसक्या सीटमधून दोन्ही हात देऊन बाहेर काढावं लागतं, तरी ती येते. मला ऑफिसात विचारतात, मॅडम, या वयात? मी त्यांना वय सांगते आणि गाडीचंही सांगते.

गेल्या महिन्यात मिलिंदचा मुलगा आला होता. त्याचं लग्न ठरलं आहे. "आत्या, फोटो काढायचेत घाटात. दोन दिवसांसाठी बेडकी देतेस का?" मी वही आणून अकरावा नंबर दाखवला. त्याने वाचला, आजोबांची सही बघून हसला, आणि म्हणाला, मग तू चालव, मी शेजारी बसतो. मी विचारलं की तुझ्या होणाऱ्या बायकोला चालवता येते का. म्हणाला, येते, पण घाट तिने पाहिलेला नाही, पाथरीची आहे.

आई आतून म्हणाली, "तिला पाठव. शेजारी रमा बसेल. तू मागून मोटारसायकलवर ये."

"आजी, अन् माझे फोटो?"

"दोनच सीटा हायत, बाबा."

ती मुलगी रविवारी सकाळी, सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी आली. जय भीम म्हणाली आणि दारात उभी राहिली. मी वही उघडण्याआधी तिच्या पायांकडे पाहिलं. बूट होते.